घराच्या दारावर नोटीस लागली, पुढे काय?

तारण घर वाचवण्याचे कायदेशीर मार्ग आणि त्यांच्या मुदती

दहिवडी, (प्रतिनिधी) - वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापल्या जाणाऱ्या 'ताबा नोटीस' आणि 'जाहीर लिलाव' या मथळ्यांखालील मजकूर सहसा कोणी वाचत नाही. ज्याच्या घराविषयी तो मजकूर असतो त्याने तरी तो वाचावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. माणदेशात ही अपेक्षा अनेकदा फोल ठरते. माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. येथील माणूस पोटासाठी मुंबईत माथाडी झाला, गिरणीत गेला, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी थेट परराज्यांत पोहोचला. गावाकडे मात्र त्याने कर्ज काढून चार खोल्यांचे घर बांधले आणि त्याला कुलूप लावून तो परत कामावर गेला. हप्ते थकले की बँकेची नोटीस त्या कुलूपबंद दारावर डकवली जाते. घरमालकापर्यंत बातमी पोहोचते ती शेजाऱ्याच्या दूरध्वनीवरून, आणि तोवर कायद्याने दिलेल्या मुदतीचे निम्मे दिवस संपलेले असतात.

थकबाकीदार घरमालकाला कायद्याने वाऱ्यावर सोडले आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. हरकत घेण्याचा, दाद मागण्याचा, ताबा परत मिळवण्याचा, लिलावापूर्वी घर सोडवून घेण्याचा असे अनेक अधिकार कर्जदाराला आहेत. अडचण अशी, की त्यातील प्रत्येक अधिकाराला स्वतंत्र मुदत आहे आणि एक मुदत चुकली की पुढचा मार्ग अधिक अरुंद होतो. यातील कोणता अधिकार केव्हा वापरायचा आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा हा आढावा.

जुना प्रश्न, नवा कायदा

कर्जापायी घरदार जाण्याचा प्रश्न या भूमीला नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध उठाव झाला, त्यात कर्जखते जाळली गेली. त्यानंतर १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सोलापूर आणि अहमदनगर यांच्याबरोबर सातारा होता. कागदावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयांना दिला. कर्जदार आणि त्याचे घर यांच्यामध्ये न्यायाधीश उभा असला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते.

पुढे दीर्घकाळ बँकांनाही तारण मालमत्ता विकण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग गहाण सोडवण्यासाठी मुदत, त्यानंतर अंतिम हुकूमनामा, असा तो लांबचा प्रवास असे. २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने हे चित्र पालटले. न्यायालयाची पायरी न चढता घराचा ताबा घेऊन ते विकण्याचा अधिकार बँकेला मिळाला. न्यायाधीश मधून बाजूला झाला आणि त्याला गाठण्याची जबाबदारी कर्जदारावर आली.

मूळ कायद्यात तर दाद मागण्यासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये ती अट रद्द केली. आज कर्जवसुली न्यायाधिकरणात पहिला अर्ज करताना थकीत रकमेचा कोणताही हिस्सा भरावा लागत नाही. खेड्यापाड्यांत मात्र 'आधी पैसे भरा, मगच कोर्टात जा' हे वाक्य अजूनही ऐकवले जाते.

कर्ज कोणाचे, यावर मार्ग ठरतो

नोटीस हाती पडताच पहिला प्रश्न विचारायचा तो रकमेविषयी नव्हे, तर ती कोणत्या कायद्याखाली आली आहे याविषयी. राष्ट्रीयीकृत बँका, खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या सरफेसीचा वापर करतात. अन्य बिगरबँक वित्त कंपन्यांना मात्र तो सरसकट वापरता येत नाही. शंभर कोटी किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या कंपनीला आणि तेही किमान २० लाख रुपयांच्या कर्जासाठीच हा अधिकार आहे. त्याहून लहान कर्जासाठी अशा कंपनीला लवाद किंवा दिवाणी दाव्याचा मार्ग धरावा लागतो.

सहकारी बँकांच्या बाबतीत अनेक वर्षे संदिग्धता होती. सरकारने २००३ मध्ये अधिसूचना काढून त्यांना सरफेसीच्या कक्षेत आणले. परंतु सहकार हा राज्याचा विषय असताना केंद्राचा कायदा त्यांना कसा लागू होतो, हा प्रश्न कर्जदार न्यायालयात उपस्थित करीत राहिले. हा वाद निकाली निघाला तो आपल्याच भागातील प्रकरणात. कोल्हापूर जिल्ह्यातील विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निर्णय दिला, की सहकारी बँकाही या कायद्याच्या अर्थाने बँकाच आहेत आणि त्यांना सरफेसीखाली वसुली करता येते. त्यामुळे 'ही तर सहकारी बँक आहे, तिला घराचा ताबा घेता येणार नाही' या बचावावर विसंबून राहण्याचे दिवस संपले आहेत.

पतसंस्थेचे तसे नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालील दाखल्यावर चालते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

साठ दिवसांचे घड्याळ

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते 'एनपीए' म्हणजे अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसीच्या कलम १३(२) खाली मागणी नोटीस निघते आणि कर्जदाराला साठ दिवस मिळतात. या साठ दिवसांत बहुतेक जण पैशाची जुळवाजुळव करतात किंवा शाखेत हेलपाटे घालतात. लेखी हरकत फारच थोडे जण देतात. वास्तविक कलम १३(३-अ) खाली कर्जदाराने लेखी हरकत दिल्यास बँकेला तिचा विचार करून पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. हिशेब चुकीचा आहे, भरलेले हप्ते जमा दाखवलेले नाहीत, दंडाचे व्याज अवाजवी आहे, खाते एनपीए ठरवण्याची तारीख चुकली आहे, असे मुद्दे याच वेळी नोंदवले पाहिजेत. पुढे न्यायाधिकरणात उभे राहायचे झाल्यास हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो. बँक व्यवस्थापकाच्या टेबलासमोर केलेल्या तोंडी विनवणीची मात्र कोठेही नोंद राहत नाही.

नोटीस कोठे बजावली, हा माणदेशासाठी विशेष महत्त्वाचा मुद्दा आहे. नियमानुसार कर्जदार प्रत्यक्ष जेथे राहतो, व्यवसाय करतो किंवा नोकरी करतो तेथे ती बजावली गेली पाहिजे. तो नोटीस टाळत असेल तरच ती दारावर डकवून दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, प्रसिद्ध करण्याचा मार्ग आहे. मुंबई किंवा परप्रांतातील पत्ता बँकेला माहीत असतानाही केवळ गावच्या कुलूपबंद घरावर कागद डकवला गेला असेल, तर तो हरकतीचा ठोस मुद्दा होतो. त्यासाठी पत्ता बदलल्याचे बँकेला लेखी कळवलेले असले पाहिजे आणि त्याची पोच जपलेली असली पाहिजे.

याखेरीज काही कर्जे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तारण एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी असेल, किंवा शिल्लक येणे मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरले असेल, तर सरफेसी वापरता येत नाही. पंधरा वर्षे हप्ते फेडून अखेरच्या टप्प्यात अडकलेल्या कर्जदाराने ही तरतूद आवर्जून तपासावी. तसेच २४ जानेवारी २०२० पासून तारणाची नोंद केंद्रीय नोंदवहीत केलेली नसेल, तर बँकेला ताब्याची कारवाई करता येत नाही.

ताबा: कागदावरचा आणि प्रत्यक्षातला

साठ दिवस उलटल्यावर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. बहुधा पहिला ताबा प्रतीकात्मक असतो. भिंतीवर नोटीस लागते, ती सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, पण कुटुंब घरातच राहते. येथेच मोठी फसगत होते. 'अजून बाहेर काढलेले नाही' म्हणून कर्जदार थांबतो. न्यायाधिकरणात दाद मागण्याची ४५ दिवसांची मुदत मात्र बँकेच्या या पावलापासूनच सुरू झालेली असते. प्रतीकात्मक ताब्यानंतरही दाद मागता येते, प्रत्यक्ष बाहेर काढले जाण्याची वाट पाहावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये हिंदोन फोर्ज प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी हे न्यायाधिकरण पुण्यात आहे. दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी शुल्क दर लाखामागे ५०० रुपये आहे. बँकेने नियम मोडल्याचे सिद्ध झाल्यास न्यायाधिकरण ताबा परत देवविते, भरपाईचा आदेशही देऊ शकते. कायद्यानुसार अर्जाचा निकाल साठ दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत चार महिन्यांत लागला पाहिजे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. म्हणून अर्जासोबत स्थगितीची मागणी करणे अगत्याचे ठरते. केवळ अर्ज दाखल झाल्याने लिलाव थांबत नाही.

न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध मुंबईतील अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे मात्र येणे रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. ही रक्कम २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, त्याखाली नाही. ज्याला हप्ता भरता आला नाही त्याने एवढी रक्कम कोठून आणावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. म्हणूनच सर्वसामान्य कर्जदारासाठी खरी लढाई पुण्यातच होते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते. त्यानंतर तहसीलदार पोलीस बंदोबस्तासह दारात येतात. अशा वेळी गावकरी तहसील कार्यालयावर निवेदन घेऊन जातात, लोकप्रतिनिधींना दूरध्वनी होतात. परंतु कलम १४ खाली जिल्हाधिकारी वादाचा निवाडा करीत नाहीत, कागदपत्रे पाहून साहाय्य करणे एवढीच त्यांची भूमिका असते. निवेदनात गेलेला आठवडा मुदतीतून वजा होतो, एवढेच त्यातून घडते.

उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्याने सातारा आणि सांगलीच्या पक्षकारांचा मुंबईचा प्रवास वाचला आहे. तथापि सरफेसी प्रकरणांत न्यायाधिकरणाचा पर्याय असताना उच्च न्यायालयांनी थेट हस्तक्षेप टाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये युनायटेड बँक ऑफ इंडिया प्रकरणात बजावले आहे. रिट याचिका हा सोपा रस्ता आहे, असे समजू नये.

लिलावाची जाहिरात हीच लक्ष्मणरेषा

गहाण ठेवलेली वस्तू विकली जाईपर्यंत कर्जदार ती सोडवू शकतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. मूळ सरफेसी कायद्यातही विक्रीच्या तारखेपर्यंत संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याची मुभा होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती आखडली. आता हा अधिकार लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले.

याचा व्यवहारातील परिणाम गंभीर आहे. पहिल्या विक्रीपूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्जदार ही मुदत पैसे भरण्यासाठी आहे असे समजतो, भावकीत शब्द टाकतो, जनावरे विकतो, दागिने मोडतो. वस्तुतः जाहिरात छापून आली त्याच दिवशी घर सोडवण्याचा त्याचा हक्क संपलेला असतो. त्यानंतर बँकेने रक्कम स्वीकारावी असा आग्रह तो हक्क म्हणून धरू शकत नाही. ज्याला घर सोडवायचेच आहे त्याने ताबा नोटीस आणि लिलावाची जाहिरात यांमधल्या काळातच पैसे उभे केले पाहिजेत.

लिलाव अटळ झाला तरी घरमालकाचे हितसंबंध संपत नाहीत. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवली पाहिजे. त्या किमतीखाली विक्री करायची तर कर्जदाराची संमती लागते. येणे वसूल होऊन उरलेली रक्कम घरमालकाला परत मिळाली पाहिजे. विक्रीतून पुरेसे पैसे आले नाहीत, तर मात्र उर्वरित रकमेसाठी बँक पुन्हा त्याच्या मागे लागू शकते आणि जामीनदारही सुटत नाही. गावात जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा, चुलतभाऊ किंवा शाळेतला सोबती असतो. घराचे प्रकरण नात्यांवर येते ते असे.

शेतातील वस्ती आणि सामायिक घर

शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी लागू होत नाही. माणदेशात रानात वस्ती करून राहणारी कुटुंबे बहुसंख्य असल्याने हा मुद्दा येथे वारंवार निघतो. परंतु केवळ सात-बारा उताऱ्यावर 'शेती' लिहिले आहे, एवढ्याने भागत नाही. जमिनीचा प्रत्यक्ष वापर, तारण देतानाचे कागद, बिनशेती परवानगी अशा सर्व बाबी न्यायालय पाहते, आणि जमीन शेतीची असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले आहे. पीकपाहणीची अद्ययावत नोंद येथे मोलाची ठरते.

शेतकऱ्याचे राहते घर जप्त करता येत नाही, असेही ऐकिवात असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये असे संरक्षण आहे खरे, पण ते स्वतःहून तारण दिलेल्या घराला मिळत नाही. गहाणखतावर सही केली की हे कवच गळून पडते.

सामायिक घराचा प्रश्न निराळा. वडिलोपार्जित घर एका भावाने सर्वांच्या संमतीविना गहाण ठेवले असेल, तर कर्जदार नसलेला हिस्सेदारही न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो, कारण कायद्याने हा अधिकार 'कोणत्याही बाधित व्यक्तीला' दिला आहे. मालकी हक्काचा मूळ वाद असल्यास दिवाणी न्यायालयाचे दार बंद नाही, असा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया प्रकरणात आला आहे. बहिणींचे वारसाहक्क डावलून झालेल्या गहाणखतांना याचा थेट संबंध पोहोचतो.

पतसंस्था आणि सावकार

पतसंस्थेच्या थकबाकीसाठी तालुक्याचे सहायक निबंधक कलम १०१ खाली वसुली दाखला देतात. त्याआधी सुनावणीची नोटीस येते. हीच कर्जदाराची खरी संधी असते. खातेउतारा मागणे, व्याजदराला संचालक मंडळाची मंजुरी आहे का हे पाहणे, भरलेल्या पावत्या दाखल करणे हे सर्व तेथेच करावे लागते. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. सुनावणीला गैरहजर राहून पुढे निम्मी रक्कम शोधत फिरणारे कर्जदार म्हणूनच आढळतात. जप्ती व विक्री नियम १०७ प्रमाणे होते. विक्री झाल्यावरही तीस दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून ती रद्द करून घेता येते. या एका बाबतीत पतसंस्थेचा कर्जदार बँकेच्या कर्जदाराहून अधिक सुरक्षित आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

संस्थाच बुडाली तर कर्जही बुडाले, हा आणखी एक भ्रम. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. अशा वेळी बँकेचे व्यवहार थांबतात, पण येणे कर्ज वसूल करण्याचे काम अवसायक पुढे चालू ठेवतो.

खासगी सावकाराने कर्जापोटी घराचे खरेदीखत करून घेतले असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा असल्याचे निष्पन्न झाल्यास गेल्या पंधरा वर्षांतील असे हस्तांतर रद्द करून मालमत्ता परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. खरेदीखत झाले म्हणजे सर्व संपले, असे नव्हे.

तडजोड: सवलत, हक्क नव्हे

बहुतांश प्रकरणे अखेर एकरकमी परतफेडीवर येऊन थांबतात. मात्र ही सवलत कर्जदार हक्क म्हणून मागू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले आहे. तडजोड करायची तर ती लेखी हवी, त्यात एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि कारवाई थांबवण्याचे कलम स्पष्ट असावे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसते. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत न दिल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

कर्जमाफीची वाट पाहणे हा तर सर्वांत महागडा मार्ग. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना शेतीकर्जासाठी होत्या, गृहकर्जाचा त्यांत समावेश नव्हता. पुढील घोषणेच्या आशेवर घराचे हप्ते थांबवणाऱ्याचे फक्त व्याज वाढते.

उणीव कोठे आहे?

बँकांनी वसुली करूच नये, असे कोणी म्हणणार नाही. सहकारी बँकेतील ठेवी याच तालुक्यातील निवृत्त शिक्षकांच्या आणि विधवांच्या असतात. प्रश्न वसुलीच्या न्याय्यतेचा आहे. शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा, तेही पावसाच्या मर्जीवर येते आणि हप्ता दरमहा द्यावा लागतो. त्यात नोटीस अनेकदा इंग्रजीत असते, न्यायाधिकरण पुण्यात असते आणि तेथील प्रत्येक तारखेला एक दिवसाचा रोजगार बुडतो. १८७९ च्या कायद्याने न्यायालय शेतकऱ्याच्या जवळ आणले होते, २००२ च्या कायद्याने ते दूर नेले, असा याचा अर्थ होतो.

उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरात सुरू होऊ शकते, तर कर्जवसुली न्यायाधिकरणाची काही दिवसांची बैठकही तेथे किंवा साताऱ्यात होऊ शकते. मागणी नोटिशीसोबत कर्जदाराचे अधिकार आणि मुदती सांगणारे एक पान मराठीत देणे बँकांना अवघड नाही. तालुका विधी सेवा समितीमार्फत महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना मोफत वकील मिळतो, त्यांसाठी उत्पन्नाची अट नाही. घर पत्नीच्या किंवा आईच्या नावे असलेल्या कुटुंबांनी ही मदत घेण्यास संकोच करू नये.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर घरमालकाच्या हाती एवढेच आहे, की नोटीस आलेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी, साठ दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी, ताबा नोटीस लागल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पुणे गाठावे आणि घर सोडवायचे असेल तर लिलावाची जाहिरात छापून येण्याची वाट पाहू नये.